पासपोर्ट फोटोनंतरची एक फ्रेम

गेल्या मे महिन्यात एक मुलगा दुकानात आला. कॅमेरा नवा, बॅग नवी, उत्साह त्याहून नवा. म्हणाला, "ताई, पोर्ट्रेट स्टुडिओ काढायचाय. पण पासपोर्ट फोटो नाही काढणार हां, फक्त आर्टिस्टिक." मी त्याला चहा पाजला आणि मागच्या महिन्याची वही पुढे सरकवली. एकशे ऐंशी गिऱ्हाइकं, त्यातली एकशे चाळीस पासपोर्टवाली. उरलेल्या चाळिसांतली निम्मी आधी कधीतरी पासपोर्ट फोटोलाच आलेली. वही बघून तो जरा गप्प झाला. त्याला जे तोंडी सांगितलं ते, आणि गिऱ्हाईक आल्यामुळे राहून गेलं ते, इथे लिहिते आहे.

गोव्यात डिचोलीला बाजाराच्या वाटेवर आमचं दुकान आहे. आधी बाबांनी चालवलं, आता मी चालवते. बोलणं कोंकणीत, हिशेबाची वही मराठीत, कॅमेऱ्याचा मेनू इंग्रजीत. बाबांकडे यशिका मॅट कॅमेरा होता आणि त्यात इंदू छापाचा १२०चा फिल्मरोल. एका रोलात बारा फोटो. त्यामुळे ते आधी माणसाशी बोलत, खुर्ची सरकवत, दिवा हलवत आणि मग एकदाच बटण दाबत. माझ्या कार्डात दोन हजार फोटो मावतात, तरी पहिली पाच वर्षं मी त्यांच्याहून वाईट फोटो काढले.

आधी पासपोर्ट

‘पासपोर्ट फोटो’ हे आता नुसतं नाव उरलंय. भारतीय पासपोर्टासाठी सेवा केंद्रात फोटो तिथल्या तिथे काढतात. छापील फोटो न्यावा लागतो तो चार वर्षांखालच्या मुलांचा. तरी लोक येतच असतात. कुणाला शेंगेन (युरोपातल्या देशांचा) व्हिसा, कुणाला अमेरिकेचा, बोटीवर जाणाऱ्या तारवट्याला सीडीसी (खलाशाची सरकारी नोंदवही), शाळेचा प्रवेश, बँक, सरकारच्या गृह आधार योजनेचा अर्ज, दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा अर्ज. प्रत्येकाचं माप वेगळं आणि ते चुकलं तर दोष आपला.

शेंगेनला ३५ बाय ४५ मिलिमीटर लागतो आणि चेहरा उंचीच्या ७० ते ८० टक्के. अमेरिकेला ५१ बाय ५१, म्हणजे दोन इंची चौकोन. हनुवटीपासून डोक्याच्या टोकापर्यंत २५ ते ३५ मिलिमीटर, आणि चष्मा नाही. नोव्हेंबर २०१६ पासून तो नियम आहे, पण अजून लोक चष्म्यावर अडून बसतात. ब्रिटनच्या छापील फोटोला मागे फिकट राखाडी किंवा क्रीम रंग मागतात, पांढराशुभ्र नाही. चार बाय सहा इंचांच्या एका कागदावर ३५ बाय ४५चे आठ फोटो आरामात बसतात, दोन इंचीचे सहा, तेही जेमतेम. नियम बदलत असतात, म्हणून भिंतीवर चिकटवलेल्या तक्त्यावर विसंबू नका. व्हिसाचं गिऱ्हाईक आलं की त्या देशाचं पान त्याच्यासमोर उघडून वाचायचं. हे मी शिकले ते एका तारवट्याच्या खर्चाने. माझ्या फोटोत त्याचं डोकं लहान आलं, मुंबईत अर्ज परत फिरला. त्याचं रेल्वेचं तिकीट मी भरून दिलं. पुढची तीन वर्षं त्याच्या वाड्यावरचं कुणी माझ्याकडे आलं नाही.

पांढऱ्या पडद्याची एक गंमत आहे. कॅमेऱ्याला समोर दिसेल ते करडं करायची सवय असते. सगळं पांढरं दिसलं की तो उजेड कमी करतो, आणि आपल्याकडचा सावळा चेहरा कोळशासारखा येतो. उजेड एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वर चढवा. माणसाला पडद्याला टेकवून बसवू नका. मध्ये चार फूट अंतर आणि पडद्यावर वेगळा दिवा असला की कानामागची ती काळी सावली जाते. ती सावली पुसायला कॉम्प्युटरवर घालवलेला वेळ बघून माझी कीव येते मला.

तान्ह्या बाळाला खुर्चीत बसवायच्या फंदात पडू नका. जमिनीवर मऊ दुपटं, त्यावर इस्त्री केलेली पांढरी चादर, बाळ उताणं, डोकं खिडकीकडे नको, खिडकीला आडवं. आपण वरून वाकून फोटो घ्यायचा. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात हवाच. आईचा हात फ्रेममध्ये यायला नको. दूध पिऊन झाल्यावरची पाच मिनिटं तेवढी आपली.

मुद्दा पुढचा आहे. फोटो प्रिंटरला गेला की कागद बाहेर येऊन कापून होईपर्यंत चार-पाच मिनिटं जातात. माणूस मोकळा झालेला असतो, सरकारी चेहरा उतरलेला असतो. तेव्हा मी म्हणते, "आता एक माझ्यासाठी." पांढरा पडदा वर, एक दिवा बंद, खुर्ची जरा तिरकी. एक, फार तर तीन फ्रेम. पैसे नाहीत. दाखवायचा, पण विकायचा आव आणायचा नाही. मागितला तर पाच बाय सातचा प्रिंट रीतसर भावाने द्यायचा.

एक आजी योजनेच्या अर्जाला फोटो काढायला आल्या होत्या. केसात अबोलीचा वळेसर, नाकात नथ नव्हती म्हणून खंत. अर्जाचा फोटो झाल्यावर मी विचारलं, वळेसर कोणी केला? सुनेने, म्हणाल्या, आणि सून कशी फुलं चोरते शेजाऱ्यांची ते सांगताना हसल्या. तो हसू फुटायच्या आधीचा क्षण माझ्याकडे राहिला. आठ-नऊ महिन्यांनी मुलगा आला, वर्तमानपत्रात द्यायला फोटो हवा होता. मोबाइलवर कुठल्याशा लग्नातला, कोपऱ्यात अर्धा कापलेला चेहरा घेऊन आला होता. मी जुनी फाइल उघडली. त्या घरातली बारशी, मुंजी, बायोडाटाचे फोटो आता माझ्याकडेच येतात. जाहिरात म्हणून मी दुसरं काहीही केलेलं नाही.

उजेड

दिवे घ्यायच्या आधी सहा महिने खिडकीवर काढा. आपल्याकडे घरंच तशी आहेत. जुन्या घरांत अजून शिंपल्यांच्या खिडक्या सापडतात; काचेऐवजी शिंपल्याच्या पातळ चकत्या. त्यातून येणारा उजेड इतका मऊ असतो की हजारो रुपयांच्या सॉफ्टबॉक्सने (दिव्यावर चढवायच्या कापडी पेटीने) मान खाली घालावी. हिंदू घरांतलं राजांगण तर स्टुडिओच आहे. चारी बाजूंनी ओसरी, मधे आभाळ. माणसाला ओसरीच्या कडेला बसवा, तोंड अंगणाकडे, आणि आपण अंगणात उभं राहा. वरून छप्पर असल्यामुळे डोळ्यांखाली खड्डे पडत नाहीत आणि समोरच्या आभाळाचं प्रतिबिंब बुबुळात पडतं. ते प्रतिबिंब नसेल तर फोटो मेलेला दिसतो. फोटो बघताना आधी ते बघा, बाकीचं मग.

खिडकीला गाल असा तिरका ठेवा की दूरच्या गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा एक लहान त्रिकोण पडेल. रेम्ब्रांटच्या चित्रांवरून त्याला नाव पडलंय. पुरुषांना, म्हाताऱ्यांना, नाटकवाल्यांना तो छान दिसतो. बायोडाटाच्या फोटोला नको. तिथे घरच्यांना दोन्ही गाल हवे असतात. सावलीची बाजू फार काळी झाली तर थर्माकोलचा पांढरा पत्रा धरा. मखराचं उरलेलं थर्माकोल मी वर्षानुवर्षं वापरलं. उलट चेहरा फार गोल, फार सपाट दिसत असेल तर त्याच बाजूला काळी चादर धरा. गालाला धार येते. ही युक्ती फुकटची आहे आणि फार थोडे वापरतात.

दिवा घेतलात तर एकच घ्या, मोठ्या सॉफ्टबॉक्ससकट, आणि तो जवळ आणा. नवखे लोक माणसाच्या डोळ्यांवर येईल म्हणून दिवा लांब ठेवतात. लांब गेला की तो लहान होतो आणि सावल्या कडक होतात. शिवाय अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो, हे दहावीच्या पुस्तकाइतकं जुनं गणित. तीन फुटांवर चेहरा उजळतो आणि मागची भिंत आपोआप काळोखात जाते. माझ्या दुकानात एकच पोपडे आलेली भिंत आहे, आणि लोक विचारतात हा पडदा कुठून आणला.

बाहेर फोटो काढताना रंगाचा धोका. पावसात बाजारात सगळीकडे निळी ताडपत्री असते; तिच्याखाली उभा केलेला माणूस आजारी दिसतो. दाट फणसाखाली चेहरा हिरवा पडतो. आमच्या तालुक्यात तांबडी माती आहे, उन्हात ती हनुवटीला खालून तांबूस उजेड देते. हे तिसरं मला आवडतं, पण पांढऱ्या शर्टावर ते डागासारखं दिसतं. निळं-हिरवं मात्र नंतर कॉम्प्युटरवर नीट निघत नाही. चार पावलं बाजूला सरका, एवढाच उपाय.

खुर्चीतला माणूस

लेन्सवर तासभर बोलणारे पुष्कळ भेटतील. मी दोन वाक्यांत आटोपते. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ८५ मिलिमीटर, लहान सेन्सरवर ५०, दोन्हीची एफ/१.८ची लेन्स स्वस्तातली असते आणि पुरते. पण चेहरा लेन्समुळे बिघडत नाही, अंतरामुळे बिघडतो. मुली येऊन सांगतात, "माझं नाक मोठंय." नाक मोठं नसतं, मोबाइल जवळ असतो. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये याचं गणित मांडलं होतं: बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे तीस टक्के जास्त भासते. मी सहा ते आठ फुटांवर उभी राहते. म्हणून दुकान भाड्याने घेताना रुंदी सोडा, लांबी मोजा. माझं बारा बाय बावीस आहे, आणि ८५ने डोक्यापासून पायापर्यंत माणूस घ्यायचा तर ते बावीस फूटही अपुरे वाटतात.

फोकस जवळच्या डोळ्यावर. नवीन कॅमेरे डोळा स्वतः शोधतात, कटकट गेली. अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ/१.८वर उघडून ठेवू नका. एक डोळा स्पष्ट आणि कान धुक्यात, याला कला म्हणत नाहीत. मी एका माणसाला एफ/४ लावते. शटरचा वेग १/२०० सेकंदाच्या खाली नाही, कारण माणूस बोलत असतो आणि मला तो बोलतच हवा असतो.

बसवायचं कसं? खांदे कॅमेऱ्याला सरळ नको, जरा तिरके. मान परत माझ्याकडे. दुहेरी हनुवटीला मान वर करून उपयोग नाही, नाकपुड्या दिसतात. कासवासारखी मान पुढे आणि हनुवटी किंचित खाली. बसणाऱ्याला विचित्र वाटतं, बघणाऱ्याला कळत नाही. मी आधी स्वतः करून दाखवते, ते हसतात, काम होतं. चष्म्यात दिवा चमकत असेल तर काड्या कानावरून बोटभर उचला, काचा खाली झुकतात, चमक जाते. डोळे मिटणाऱ्यांना आधीच मिटायला सांगा आणि तीन म्हटल्यावर उघडायला. हातांना काहीतरी काम द्या. आमच्याकडचे भजनी बुवा टाळ हातात आल्याशिवाय माणसात येत नाहीत.

"हसा" म्हणू नका. ते म्हटल्यावर जे येतं ते दातांचं असतं. मी विचारते, घरी आज नुस्तें (मासे) काय होतं? सोमवार असला, श्रावण असला, तर त्यावरची तक्रार ऐकायला मिळते. गोंयकाराचा चेहरा मासळीवर बोलताना जितका जिवंत असतो तितका दुसऱ्या कशावर नाही. लहान मुलीला "मातशें वयर पळय गो" (जरा वर बघ गं) म्हणत मी कॅमेऱ्याच्या वर बोट नाचवते.

हवेत घाम असतो. टिपकागद, साधी पावडर, कंगवा, सेफ्टी पिना आणि काळा-पांढरा असे दोन इस्त्रीचे शर्ट दुकानात ठेवा. कपाळ टिपायला दोन सेकंद लागतात, कॉम्प्युटरवर तीच चमक काढायला दहा मिनिटं. आणि "जरा गोरं करा" म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणते. पुटकुळी काढते, कारण ती आठवड्याने जाणारच असते. तीळ, व्रण, सुरकुती आणि रंग तसाच राहतो. यात दोन-चार गिऱ्हाइकं गेली. जाऊ देत. मुलाकडच्यांनी बायोडाटातली मुलगी दारात ओळखली नाही तर ती माझी बदनामी आहे.

नाटकवाल्यांबद्दल एक वेगळी सूचना. गावोगाव जत्रेत नाटकं होतात आणि कलाकारांना रंगभूषेतला फोटो हवा असतो, पण प्रयोगानंतर. तेव्हा रंग घामाने उतरलेला असतो. रंगपटात प्रयोगाच्या अर्धा तास आधी जा. आरशाभोवतीचा बल्ब हाच उजेड ठेवा, फ्लॅश मारू नका. पांढरा-गुलाबी रंग फ्लॅशने चुन्यासारखा दिसतो. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेआधी धोंड, म्हणजे तिचे व्रतस्थ भक्त, येतात, हातात गोंड्यांची बेतकाठी, गळ्यात माळा. ते सोवळ्यात असतात. खांदा सरळ करायलाही हात लावायचा नाही, सगळं तोंडाने सांगायचं. काठी फ्रेममध्ये पूर्ण घ्या. अर्धी कापलीत तर फोटो दुकानातच राहतो.

चवथ

लग्नाचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो. आषाढापासून कार्तिकापर्यंत फोटोग्राफर माशा मारतात अशी समजूत आहे. पण चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मुंबईचा काका, दुबईचा भाऊ, बोटीवरचा पुतण्या, सगळे मूळ घरात असतात. अख्खं कुटुंब एका छपराखाली येण्याचा वर्षातला हा एकच दिवस, आणि तो फोटो मोबाइलवाल्याला जमत नाही. मी श्रावणातच ओळखीच्या घरांना निरोप पाठवते. एका दिवसात चार घरं, त्याहून जास्त नाही.

वेळ पाळा. दुपारची आरती संपली आणि पानं वाढायला घेतली, यामधली वीस मिनिटं. आरतीआधी बायका स्वयंपाकघरातून निघत नाहीत, जेवणानंतर पुरुष उठत नाहीत. गणपतीसमोर घ्यायचा तर माटोळीला विसरू नका. त्या लाकडी चौकटीला कांगलां, घागऱ्या अशी रानातली फळं, सुपारीचे घड बांधायला घरातले लोक दोन दिवस राबलेले असतात. ती कापली गेली तर यजमान बोलत नाही पण पुढच्या वर्षी बोलावतही नाही. रंग बदलणारी एलईडीची माळ पाच मिनिटं बंद करायला सांगा. कौलारू घरात छताला फ्लॅश मारून उपयोग नाही, काळी लाकडं आणि कौलं सगळा उजेड गिळतात. छत्री लावून एक फ्लॅश बाजूला उंच ठेवा, नाहीतर सरळ सगळ्यांना राजांगणात काढा.

चाळीस माणसं असतील तर तीन रांगा. म्हाताऱ्यांना खुर्च्या मधे, मुलं पुढे पाटांवर, उंच लोक मागच्या पायरीवर. आधी आजी-आजोबांना बसवा, बाकीचे आपोआप त्यांच्याभोवती जमतात. कोण कोणाजवळ उभं राहतंय त्यात ढवळाढवळ करू नका, भावकीतलं आपल्याला ठाऊक नसतं. लेन्स ३५च्या खाली नको, कडेच्या माणसांची डोकी ताणली जातात. एफ/८, शटर १/१२५, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) लागेल तितका चढवा. आपण स्टुलावर. डोळे मिटण्याचा हिशेब ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी मांडलाय, त्याला २००६ मध्ये इग नोबेलही मिळालं: वीसच्या आत माणसं असतील तर माणसांच्या संख्येला तीनाने भागा, उजेड कमी असेल तर दोनाने, तितके फोटो काढा म्हणजे एक तरी सगळ्यांच्या उघड्या डोळ्यांचा निघतो. पंधरा माणसांना पाच. चाळिसांना हे गणित लागू नाही. मी पंचवीस काढते आणि तरी एक काका झोपलेलाच असतो. त्याचा चेहरा दुसऱ्या फ्रेममधून आणून चिकटवायचा, म्हणून कॅमेरा तिकाटण्यावरून (ट्रायपॉडवरून) हलवायचा नाही.

पाऊस आणि सामान

माझी पहिली ८५ बुरशीने गेली. जुलै महिना, चामड्याची बॅग, कपाटाचा खालचा कप्पा. उघडली तर काचेत कोळिष्टकासारख्या रेषा. हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ, एवढ्याने काम भागतं. काटा ४० ते ५०च्या मधे हवा. जेलचे मणी रंग बदलले की तव्यावर मंद भाजून घ्या आणि परत वापरा. एसीतून बाहेर जाताना कॅमेरा बॅगेत बंदच ठेवा, वीस-पंचवीस मिनिटं. नाहीतर लेन्सवर दव धरतं आणि वधू तयार असून तुम्ही फडक्याने काच पुसत बसता. प्रिंटरला आणि कॉम्प्युटरला इन्व्हर्टर हवाच, वीज कधी जाईल याचा पावसात नेम नसतो.

पैसे

भाव शेजारच्याचा बघून ठरवू नका. झेरॉक्सवाला मोबाइलवर फोटो काढून आठ प्रती देतो, त्याच्याशी आपण लढू शकत नाही. स्वतःचा खर्च मांडा. माझा साधारण असा: भाडं १२,०००, मदतनीस १०,०००, वीज ३,०००, कागद-शाई-इंटरनेट ५,०००. कॅमेरा, लेन्स, दिवे, प्रिंटर मिळून तीन लाख. पाच वर्षांत बदलावे लागतात, म्हणजे महिना ५,००० बाजूला. माझा स्वतःचा पगार ३०,०००. हा आकडा लोक धरतच नाहीत आणि मग म्हणतात धंद्यात राम नाही. एकूण ६५,०००, पंचवीस दिवसांनी भागलं की दिवसाला २,६००. तेवढे गल्ल्यात आले नाहीत तर त्या दिवशी मी पदरचे घातले. या हिशेबात पासपोर्टचा वाटा निम्म्याहून जास्त आहे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा आमच्या तालुक्यातल्या ट्रकवाल्या घरांनी मोठे अल्बम, मोठ्या फ्रेमा सगळं थांबवलं. फॉर्मला लागणारे फोटो थांबले नाहीत. दुकान त्यावर तगलं.

ठरलेल्या कामाला निम्मे पैसे आधी घ्या. काय मिळणार ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा: किती फोटो, कुठल्या मापाचे प्रिंट, किती दिवसांत. "सगळे फोटो द्या" यावरून जितकी भांडणं होतात तितकी पैशांवरून होत नाहीत. नातेवाइकांना सूट देऊ नका, भेट द्या. बिल पूर्ण घ्या आणि आठ बाय बाराचा एक प्रिंट फुकट. सूट दुसऱ्या दिवशी विसरतात, प्रिंट भिंतीवर राहतो. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असली तर सेवेसाठी जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. उद्यम नोंदणी फुकट होते, ती करून टाका, बँकेत उपयोगी पडते.

एक कायदा मात्र पाठ हवा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १७ सांगतं की कुणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन फोटो काढला, तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक तो सांगणारा. आपण नाही. म्हणून शोकेसमध्ये, इन्स्टाग्रामवर कुणाचाही चेहरा लावायच्या आधी लेखी होकार घ्या. मी बिलाच्या मागेच दोन ओळी छापल्यात, सही घेते. ती फुकटची जादा फ्रेमही याच नियमाने वागवते, मग कायदा काहीही म्हणो. मुलींचे फोटो तर घरच्यांनी हो म्हटलं तरी मुलीला विचारल्याशिवाय लावत नाही.

बाहेरच्या शूटिंगला पणजीच्या फोंताइन्यासमध्ये जायचा मोह सगळ्यांना होतो. रंगीत भिंती, सकाळचा उजेड, छानच आहे. पण त्या भिंतींमागे लोक राहतात. अनोळखी माणसांचे फोटो न विचारता काढू नका, असं पर्यटन खात्यानेही २०२३च्या जानेवारीत पर्यटकांना सांगितलं होतं. आपण तर इथलेच. दार वाजवून विचारलं तर बहुतेक वेळा खुर्चीही मिळते. जुन्या गोव्यातल्या संरक्षित वास्तूंत तिकाटणं लावायचं तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढा. मला विचाराल तर मये तळ्याचा काठ सकाळी साडेसातला, नाहीतर नार्व्याच्या सप्तकोटेश्वराकडे जाणारी वाट. गर्दी नाही, भाडं नाही.

फाइली

प्रत्येक फोटोच्या तीन प्रती, दोन वेगळ्या जागी, त्यातली एक दुकानाबाहेर. माझी एक हार्डडिस्क घरी तांदळाच्या डब्याशेजारी असते. एका चवथीचं सगळं काम असलेली डिस्क बंद पडली होती, दुसरी प्रत नव्हती. त्या घरी जाऊन सांगताना मला जे वाटलं त्यावर लिहीत नाही. पैसे परत केले, पुढच्या वर्षी फुकट काढले. पण त्या वर्षीचे आजोबा पुढच्या वर्षी नव्हते.

नावं देताना आडनावावर जाऊ नका. आमच्याकडे नाईक, गावस, गावकर इतके आहेत की शोधता शोधता दुकान बंद करायची वेळ होते. मी वर्ष, गाव, वाडा आणि घराची ओळख लिहिते: ‘२०१९ मये, केळबायवाडा, विहिरीकडचं घर’. गिऱ्हाईक तसंच विचारतं. आणि पैसे देऊन न नेलेले प्रिंट टाकू नका. बाबांनी ते बुटांच्या खोक्यांत ठेवले होते, वर्षवार, मागे पेन्सिलीने गाव लिहून. अशी अकरा खोकी माझ्याकडे माळ्यावर आहेत. वर्षातून चार-पाच जण तरी येतात आणि माझ्या मदतनिसाला शिडी लावायला लागते. अशा प्रिंटचे मी पैसे घेत नाही, ते बाबांनी तेव्हाच घेतलेत.